मोटारीची चाळिशी

माणसाला चाळिशी लागली की नाकावर चष्मा येतो आणि डॉक्टर सांगतात, आता वर्षातून एकदा रक्तदाब, साखर तपासून घेत चला. ब्रिटनमध्ये मोटारीला चाळिशी लागली की नेमकं उलट होतं. तिचा वार्षिक कर माफ होतो आणि वार्षिक तपासणीसुद्धा माफ होते. म्हातारीला म्हणतात, बाई, तू आता दवाखान्यात आली नाहीस तरी चालेल.

यात गंमत आहे, तसा थोडा घोरही आहे. आज त्याविषयीच बोलायचं आहे.

ब्रिटिश माणसाचा जुन्या मोटारीवर भारी जीव. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी लंडनच्या हाइड पार्कमधून पहाटे मोटारी निघतात आणि साठ मैलांवरच्या ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी जातात. अट एकच, मोटार १९०५ सालच्या आधीची हवी. काहींना तीनच चाकं, काहींना स्टिअरिंगच्या चाकाऐवजी नुसता दांडा. वाटेत कुणी बंद पडतं, कुणाला ढकलावं लागतं, आणि रस्त्याच्या कडेला माणसं थंडीत कुडकुडत टाळ्या वाजवत उभी. ही आठवण आहे १४ नोव्हेंबर १८९६ची. मोटारीपुढे एक माणूस पायी चालवायचा, ही जुनी सक्ती त्या दिवशी कायद्यानं संपली आणि वेगाची मर्यादा ताशी चौदा मैलांवर गेली. त्या आनंदात तेव्हाचे हौशी लोक ब्रायटनला गेले होते. अशा देशात जुन्या मोटारीला सरकारनं थोडं लाडात घ्यावं, यात नवल नाही.

लाडाची सुरुवात करापासून झाली. १९९५ साली अर्थमंत्री केनेथ क्लार्क यांनी पंचवीस वर्षांहून जुन्या मोटारींना रस्ताकर माफ केला. ही रेषा दरवर्षी एकेक वर्ष पुढे सरकायची. आज चोवीस वर्षांची असलेली गाडी पुढच्या वर्षी आपोआप रांगेत येणार. मग सरकार बदललं आणि गॉर्डन ब्राऊन यांच्या काळात ती रेषा १ जानेवारी १९७३ वर गोठवली गेली. त्या तारखेच्या आदल्या दिवशी कारखान्यातून बाहेर पडलेली मोटार कायमची सुखी, आणि तिची दुसऱ्या दिवशीची धाकटी बहीण जन्मभर कर भरणार! हा अन्याय पुढे बरीच वर्षं चालला. २०१४पासून जॉर्ज ऑस्बोर्न यांनी रेषा पुन्हा चालती केली, पण पंचवीसऐवजी चाळीस वर्षांची. आता दर १ एप्रिलला एका वर्षाच्या मोटारी या पंक्तीत येऊन बसतात. कर शून्य असला तरी मालकाला दरवर्षी रीतसर नोंद करावीच लागते. शून्य रुपयांची पावती फाडण्यासारखंच हे. सरकारी खातं तिथलं असो वा इथलं, कागद त्याला हवाच.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. खरा प्रश्न दुसऱ्या सवलतीचा.

तिथल्या वार्षिक तपासणीला ‘एम. ओ. टी.’ म्हणतात. ही परिवहन मंत्रालयाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं. मंत्रालयाचं नाव बदललं, तपासणीला मात्र तेच चिकटून राहिलं. १९६० साली ती सुरू झाली तेव्हा दहा वर्षांहून जुन्या गाड्यांचे फक्त ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग पाहत. म्हणजे मुळात ती जन्मालाच आली जुन्या गाड्यांसाठी! पुढे १९६७पासून तीन वर्षांच्या गाडीलाही ती लागू झाली. आणि काळाचं चक्र असं फिरलं, की २०१२ साली १९६०च्या आधीच्या गाड्यांना त्यातून सूट मिळाली, आणि २० मे २०१८पासून चाळीस वर्षांवरच्या सगळ्याच गाड्यांना. तीन वर्षांची गाडी तपासणीच्या रांगेत उभी, आणि पंचेचाळीस वर्षांची बाजूनं निघून जाते.

सरकारची बाजू अगदीच लंगडी नव्हती. या गाड्या वर्षातून थोडेच मैल चालतात. त्यांचे मालक त्यांना पोटच्या पोरासारखं जपतात. शिवाय आजच्या संगणकी गाड्यांवर हात बसलेल्या तरुण कारागिराला १९५० सालच्या ब्रेकची रचना कुठून माहीत असणार? तरीही सरकारनं लोकांची मतं मागवली तेव्हा विरोध करणारेच अधिक निघाले. सूट तरीही लागू झाली.

मला स्वतःला विरोध करणाऱ्यांचं म्हणणं पटतं. ‘गाडी चालतच नाही, मग बिघडणार काय?’ हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो. पण मोटारीचं दुखणं असं, की ती चालून जेवढी झिजते तेवढीच उभी राहून कुजते. ब्रेकचं तेल हवेतला ओलावा शोषून घेतं. असं पाणावलेलं तेल उतारावर ब्रेक तापले की उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि नेमक्या वेळी पेडल पोकळ जातं. रबरी नळ्या वयानं कडक होतात, तडकतात. टायरची नक्षी नव्यासारखी दिसते, पण आतलं रबर वर्षं मोजत असतं. हिवाळ्यात बर्फ वितळावं म्हणून तिथं रस्त्यांवर मीठ टाकतात. ते खालून चासीला लागतं आणि वरून चकचकीत पॉलिश केलेली गाडी खालून गंजत जाते. प्रेमानं रोज पुसणाऱ्या मालकाला वरचा रंग दिसतो. खालचा गंज पाहायला कुणीतरी परका माणूस, हातात बॅटरी घेऊन, गाडीखाली शिरावा लागतो. आमच्या गावातले एक मिस्त्री म्हणायचे, मालकाला आपल्या गाडीचा खडखडाट ऐकू येत नाही. बायकोला नवऱ्याचं घोरणं ऐकू येतं, नवऱ्याला येत नाही, तसंच.

कायद्यानं मालकाला मोकळं सोडलंय असंही नाही. तपासणी नसली तरी धोकादायक अवस्थेतली गाडी रस्त्यावर आणली तर अडीच हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. ज्याला हवं तो आपणहून तपासणी करून घेऊ शकतो, आणि तिची फी मोटारीसाठी जास्तीत जास्त ५४ पौंड ८५ पेन्स आहे. पण ‘आपणहून’ या शब्दावर माणसाचा जीव किती टांगायचा?

आणखी एक अट आहे, ती मला कवी म्हणून फार आवडते. गेल्या तीस वर्षांत गाडीत ‘भरीव बदल’ केलेला नसावा. चासी वेगळ्या घाटाची बसवली, ॲक्सलची जात बदलली, कमीजास्त सिलिंडरचं इंजिन घातलं, तर सवलत जाऊ शकते. पण मूळ भाग मिळेनासे झाले म्हणून, गाडी जगवण्यासाठी दुसरा बसवला, तर तो बदल धरत नाहीत. आपल्या घरातली आजीची गोधडी आठवा. वरचं लुगडं आईनं बदललं, आतल्या चिंध्या मावशीनं, टाके नव्यानं सुनेनं घातले. तरी ती आजीचीच गोधडी. पण तिचीच दुलई शिवून घेतली तर मात्र आजी संपली. जपणं आणि बदलणं यांतला हा फरक कायद्याच्या भाषेत बसवणं सोपं नाही, आणि तिथं तो ठरवायचा कुणी? मालकानंच. तो लिहून देतो, सरकार मानतं.

लंडनमधली एक विसंगतीही सांगितली पाहिजे. शहरातली हवा स्वच्छ राहावी म्हणून जास्त धूर सोडणाऱ्या मोटारींना तिथं दिवसाला साडेबारा पौंड भरावे लागतात. १९९८ सालची साधी पेट्रोल गाडी घेऊन कामावर जाणारी नर्स बहुधा हे पैसे भरते. १९७० सालच्या गाडीतून फिरायला निघालेला हौशी गृहस्थ भरत नाही, कारण त्याची गाडी ‘ऐतिहासिक’. जुनी गाडी परवडते म्हणून वापरणारा आणि जुनी गाडी परवडते म्हणून सांभाळणारा, या दोघांत कायदा दुसऱ्याची बाजू घेतो.

जर्मनीनं वेगळा मार्ग काढला. तीस वर्षांच्या जपलेल्या गाडीला तिथं १९९७पासून नंबराच्या शेवटी ‘एच’ हे अक्षर मिळतं. इंजिन कितीही मोठं असो, वर्षाचा कर ठरलेला, १९१ युरो ७३ सेंट. पण दर दोन वर्षांनी तपासणीला जावंच लागतं. मला हे शहाणपणाचं वाटतं. कर हा मालक आणि सरकार यांच्यातला व्यवहार. तो सोडला तर तिजोरीचं थोडं नुकसान. ब्रेकच्या व्यवहारात तिसरा माणूस असतो, तो रस्ता ओलांडत असतो आणि त्याला कुणी विचारलेलं नसतं.

आपल्याकडे काय? १५ जुलै २०२१ रोजी केंद्रानं पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या दुचाकी-चारचाकींसाठी नियम केले. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, नूतनीकरणाला पाच हजार, मुदत दहा वर्षं. मात्र ती रोज चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर. ब्रिटिश आजीला बाजारात जाता येतं, आपली आजी देव्हाऱ्यात.

पण त्या पन्नाशीपर्यंत पोहोचायचं कसं? खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर दर पाच वर्षांनी फिटनेस, आणि महाराष्ट्रात वर पर्यावरण कर. पंधरा ते पन्नास ही पस्तीस वर्षं गाडी ना नवी, ना मानाची, नुसती जुनी. बहुतेक गाड्या याच काळात भंगारात जातात.

टॅक्सीला तर तीही वाट नाही. मुंबईची काळीपिवळी प्रीमियर पद्मिनी शेवटची नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ रोजी, ताडदेवला. टॅक्सीचं आयुष्य वीस वर्षांचं ठरलेलं, म्हणून ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस ती रस्त्यावरून गेली. पहिली काही वर्षं सोडली तर धंद्याच्या गाडीला दरवर्षी फिटनेसचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यातली ही पद्मिनी वर्षामागून वर्षं तपासणीला उभी राहिली, पास होत राहिली, आणि एका तारखेला बाद झाली.