एम्पिंगो : पाण्यात बुडणारे लाकूड

टांझानिया व मोझांबिक या देशांच्या रखरखीत रानांत, वणव्यांचे चटके सोशीत जो एक काटेरी, वेडावाकडा वृक्ष अतिशय मंद गतीने वाढतो, त्यास स्वाहिली भाषेत ‘एम्पिंगो’ म्हणतात. आणि आपली शिसव ज्या डाल्बर्जिया प्रजातीतली, त्याच प्रजातीतला तो असल्याने त्याच्याविषयी मला भावकीचा जिव्हाळा वाटतो. पिवळसर रसकाष्ठाच्या अरुंद कड्याच्या आत जांभळट काळे अंतःकाष्ठ असते. ते इतके घन, की घनफुटाचे वजन सुमारे ८० पौंड भरते आणि तुकडा पाण्यात टाकताच तळ गाठतो.

सुताराच्या हत्यारांची धार त्यापुढे लवकर बोथट होते. कातारी मात्र त्यावर लुब्ध असतो, कारण कातताना ते जवळजवळ धातूसारखे वागते, आटे स्वच्छ पडतात आणि अंगच्या तेलामुळे नुसत्या फडक्याने घासले तरी झळाळी येते. वादकाच्या दमट श्वासानेही नळीचे माप सहसा ढळत नाही, म्हणूनच क्लॅरिनेट, ओबो व स्कॉटिश बॅगपाइप यांसाठी त्याची निवड होते. वाळवताना चिरा पडू नयेत म्हणून ओंडक्याची टोके मेणाने लिंपतात. तरीही पोकळ्या आणि गाठी वगळता वाद्यायोग्य भाग थोडाच उरतो. २०१७पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचे नियंत्रण आले, ते योग्यच झाले.

टांझानिया-मोझांबिकमधील माकोंडे जमातीचे शिल्पी याच लाकडाच्या एकसंध ओंडक्यातून परस्परांच्या खांद्यांवर चढलेली अख्खी पिढ्यान्‌पिढ्यांची माणसे कोरून काढतात.