सुरक्षा-निर्णायक अंतःस्थापित संगणक : परिचालन प्रणाली व आज्ञावलीची निवड

एखाद्या यंत्राच्या आत कायमचा बसविलेला व केवळ त्या यंत्राच्या नियंत्रणाचे काम करणारा संगणक म्हणजे अंतःस्थापित संगणक होय. धुलाई यंत्रापासून कृत्रिम उपग्रहापर्यंत तो सर्वत्र आढळतो. तो चुकल्यास वा थांबल्यास मनुष्यहानी संभवत असेल, तर त्यास सुरक्षा-निर्णायक म्हणतात. हृदयाचा गतिकारक, मोटारीचे ब्रेक, विमानाचे उड्डाण-नियंत्रण व आगगाडी आपोआप थांबविणारी यंत्रणा ही याची उदाहरणे आहेत. संगणकाचा वेळ व स्मृती निरनिराळ्या कार्यांना वाटून देणारी मूलभूत आज्ञावली म्हणजे परिचालन प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम). घरगुती संगणकासाठी ती निवडताना सोय, किंमत व वेग पाहिला जातो. येथे मात्र पहिला प्रश्न वेगळा असतो : ही प्रणाली प्रत्येक प्रसंगी कशी वागेल, हे आधी सांगता व सिद्ध करता येते काय?

बीड जिल्ह्यातील परळी वैजनाथ हे रेल्वे प्रस्थानक याचे जवळचे उदाहरण होय. ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला येणारे यात्रेकरू आणि औष्णिक विद्युत् केंद्राचा कोळसा अशी दोन्ही वाहतूक या स्थानकावर येते. दक्षिण मध्य रेल्वेच्या बीदर–परळी वैजनाथ–परभणी या २४१ किमी. मार्गावर ‘कवच’ ही स्वयंचलित गाडी-संरक्षण यंत्रणा बसविण्यात आली. २०२४ पर्यंत या रेल्वेवर कवच असलेल्या १,४६५ मार्ग-किमी.मध्ये हा मार्ग मोडतो. लखनौ येथील रेल्वेच्या संशोधन, अभिकल्प व मानके संघटनेने भारतीय उद्योगांच्या साहाय्याने ही यंत्रणा विकसित केली. प्रवासी गाड्यांवरील तिच्या चाचण्या फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झाल्या व जुलै २०२० मध्ये ती राष्ट्रीय यंत्रणा म्हणून स्वीकारली गेली. रुळांमध्ये बसविलेल्या रेडिओ-ओळखपट्ट्यांवरून एंजिनातील संगणकाला गाडीचे स्थान कळते. स्थानकातील संगणक सिग्नलांची स्थिती रेडिओद्वारे त्याला कळवितो. पुढे किती अंतरापर्यंत जाण्याची मुभा आहे व त्या अंतरात गाडी थांबू शकेल काय, याचे गणित एंजिनातील संगणक सतत करीत असतो; चालकाने वेळीच ब्रेक न लावल्यास तो स्वतः लावतो.

या गणिताला उत्तराइतकीच वेळेचीही अट असते. ताशी १०८ किमी. वेगाची गाडी दर सेकंदाला ३० मी. पुढे जाते. संगणक एक सेकंद दुसऱ्याच कामात अडकला, तर तेवढे अंतर हातचे गेले. बरोबर पण उशिरा आलेले उत्तर येथे चुकीचेच ठरते. सर्वसाधारण परिचालन प्रणाली सरासरीने फार जलद असतात; परंतु एखादे काम कधीतरी किती लांबेल याची हमी त्या देत नाहीत. वास्तव-काल परिचालन प्रणाली सरासरीने मंद असली तरी चालेल, तिची कमाल दिरंगाई मात्र ठाऊक असावी लागते. याच कारणाने अशा आज्ञावलीत यंत्र चालू असताना नवी स्मृती मागून घेणे सहसा निषिद्ध मानतात. लागणारी सर्व स्मृती आरंभीच राखून ठेवली जाते.

वास्तव-काल प्रणाली घेतली म्हणजे प्रश्न मिटतो असेही नाही. जुलै १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या ‘पाथफाइंडर’ यानात व्हीएक्सवर्क्स ही नावाजलेली प्रणाली होती, तरी त्याचा संगणक वारंवार आपोआप पुन्हा सुरू होऊ लागला. हवामाननोंदीच्या कमी अग्रक्रमाच्या कार्याने एक सामायिक साधन अडवून धरले होते आणि त्याच साधनाची वाट पाहणारे उच्च अग्रक्रमाचे कार्य, मधल्या अग्रक्रमाच्या कार्यांमुळे ताटकळत राहिले. अडवणारे कार्य तात्पुरते वरच्या अग्रक्रमावर नेण्याची सोय प्रणालीत होती, ती येथे चालू केलेली नव्हती. पृथ्वीवरून दुरुस्ती पाठवून ती चालू करण्यात आली. दोष प्रणालीचा नव्हता, तिच्या योजनेचा होता.

निवडीचे पर्याय : सर्वांत जुना पर्याय परिचालन प्रणालीच न वापरण्याचा. एकच आज्ञावली ठरलेल्या क्रमाने सर्व संवेदक वाचते, निर्णय घेते, आज्ञा देते आणि पुन्हा आरंभाकडे येते. या फेऱ्यात काय कधी घडेल हे कागदावर मांडता येते. कामे थोडी असतील, तर आजही यासारखा भरवशाचा मार्ग नाही आणि तो मागासलेला समजण्याचे कारण नाही. कामे वाढली, रेडिओ, पडदा, नोंदवही व दूरसंपर्क जोडले गेले, की हा फेरा विस्कटतो व परिचालन प्रणाली घ्यावी लागते. क्यूएनएक्स, इंटेग्रिटी, व्हीएक्सवर्क्स यांच्या सुरक्षा-प्रमाणित आवृत्त्या मिळतात. फ्रीआरटीओएस ही २००३ पासूनची छोटी प्रणाली विनामूल्य आहे. तिच्याच रचनेवरून सुरक्षेसाठी नव्याने लिहिलेली सेफआरटीओएस मात्र विकत घ्यावी लागते. घेणारा येथे मुख्यतः आज्ञावलीमागील पुराव्याची किंमत मोजतो : प्रत्येक आवश्यकता कोणत्या ओळीत उतरली, ती कोणत्या चाचणीने तपासली, याच्या नोंदींची.

लिनक्सविषयीचा वाद याच मुद्द्याशी येतो. वास्तव-काल कामासाठीचा तिचा भाग २०२४ मध्ये मुख्य प्रवाहात समाविष्ट झाला, पण तीन कोटींहून अधिक ओळींच्या आज्ञावलीबद्दल असा पुरावा उभा करणे अतिशय कठीण आहे. याउलट एसईएल४ या सूक्ष्म गाभ्याच्या सुमारे ८,७०० ओळी विनिर्देशाबरहुकूम वागतात, हे २००९ मध्ये गणिती पद्धतीने सिद्ध करण्यात आले. व्यवहारात पुष्कळदा दोहोंचा मेळ घालतात : ब्रेकचा निर्णय लहान, सिद्ध संगणकाकडे ठेवतात आणि पडदा व नोंदी मोठ्या प्रणालीकडे देतात. मात्र दुसऱ्याच्या बिघाडाची झळ पहिल्याला लागणार नाही, हे निराळे सिद्ध करावे लागते.

पुरावा व प्रमाणन : आय.ई.सी. ६१५०८ या मानकात सुरक्षेच्या चार पातळ्या आहेत, रेल्वेसाठी ई.एन. ५०१२६, ५०१२८ व ५०१२९ ही युरोपीय मानके वापरतात. कवच ही यंत्रणा चौथ्या, म्हणजे सर्वोच्च, पातळीची आहे. या पातळीवर धोकादायक बिघाडाचे प्रमाण दहा कोटी तासांत एकाहून कमी असावे लागते. दहा कोटी तास म्हणजे सुमारे ११,४०० वर्षे. एवढा काळ चाचणी घेणे अशक्य असल्याने लिहिण्याची शिस्त, स्वतंत्र तपासणी व यंत्ररचना यांवर भिस्त ठेवावी लागते. प्रमाणपत्र प्रणालीच्या विशिष्ट आवृत्तीला, विशिष्ट प्रक्रियकावर व विशिष्ट संकलकासह दिलेले असते. जाहिरातीत ‘प्रमाणित’ असे लिहिलेली प्रणाली घेऊन दुसऱ्याच प्रक्रियकावर चढविली, तर त्या शब्दाला अर्थ उरत नाही.

पूर्वी नीट चाललेली आज्ञावली नव्या यंत्रातही नीट चालेल, हा समज विशेष घातक ठरला आहे. थेरॅक-२५ या प्रारण-उपचार यंत्रात आधीच्या यंत्राच्या आज्ञावलीचे भाग घेतले होते. जुन्या यंत्रात तिच्या चुका विद्युतीय अटकावामुळे झाकल्या जात. नव्या यंत्रात तो अटकाव काढून टाकला होता. १९८५ ते १९८७ या काळात सहा रुग्णांना प्रारणाची अतिमात्रा मिळाली व त्यांतील काही दगावले. ४ जून १९९६ रोजी एरियान-५ अग्निबाण सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाला, तोही एरियान-४ मधून जशाच्या तशा उचललेल्या आज्ञावलीमुळे. नव्या अग्निबाणाचा वेग एका १६ अंकस्थानांच्या संख्येत मावला नाही. राखीव संगणक होता. पण त्यातही तीच आज्ञावली असल्याने दोन्ही संगणक सेकंदाच्या दहाव्या भागाहून कमी अंतराने बंद पडले. दोनांपैकी दोन किंवा तीनांपैकी दोन संगणकांचे एकमत झाल्यावरच कृती करावयाची, ही रेल्वेतील पद्धत यंत्रभागांच्या बिघाडापासून वाचविते. सर्वांत समान असलेल्या चुकीपासून वाचवीत नाही.

रेल्वेला एक मोठी सवलत आहे : शंका आली की गाडी थांबवावी, थांबलेली गाडी सुरक्षित असते. आकाशातील विमान किंवा श्वसनयंत्रावरील रुग्ण यांना ती मिळत नाही. तेथे ‘बंद पडणे’ हाच अपघात होय. म्हणून रेल्वेसाठी योग्य ठरलेली निवड रुग्णालयाच्या उपकरणाला जशीच्या तशी लागू पडत नाही. सवलतीची किंमतही असते. विनाकारण वारंवार थांबविणारी यंत्रणा चालकाच्या मनातून उतरते.

निवड एकदाच करून भागत नाही. बोइंग ७८७ विमानाचे जनित्र-नियंत्रक सतत २४८ दिवस चालू राहिल्यास त्यांतील गणित्र भरून वीजपुरवठा खंडित होऊ शकतो, हे २०१५ मध्ये, विमान प्रवासी सेवेत आल्यावर चौथ्या वर्षी, उघडकीस आले. कवचाच्या ४.० या आवृत्तीस १६ जुलै २०२४ रोजी मान्यता मिळाली. तीत स्थाननिश्चितीची अचूकता व मोठ्या यार्डांतील सिग्नलांची माहिती सुधारली आहे. अशा प्रत्येक बदलासोबत पुराव्याचा संबंधित भाग पुन्हा उभा करावा लागतो आणि रेल्वेची उपकरणे तर दशकानुदशके वापरात राहतात. म्हणून खरेदीच्या करारातच मूळ आज्ञावली, संकलकाची नेमकी आवृत्ती व चाचण्यांच्या नोंदी जतन करण्याची आणि पुरवठादाराने व्यवसाय बंद केल्यास त्या ग्राहकाच्या स्वाधीन करण्याची अट घालणे इष्ट ठरते.