शाळेत खाऊ नेताना



नाताळ जवळ आला की आपल्या माझगावच्या मंडळीत आदिवासी मुलांसाठी खोकी भरली जातात. बिस्किटांचे पुडे, चॉकलेटे, क्रीमचे केक, रंगीत सरबताची पाकिटे. देणाऱ्यांच्या मनात प्रेम असते आणि मुलेही आनंदाने हात पुढे करतात. पण जव्हार-मोखाड्याच्या शाळेतल्या मुलाच्या ताटात नेमके काय कमी आहे, हा प्रश्न खोके बांधण्यापूर्वी आपण क्वचितच विचारतो. या अंकात त्याचाच विचार करू.

हा प्रश्न जुना आणि गंभीर आहे. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी भागात कुपोषणाने बालके दगावल्याच्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला होता. तेव्हा तो भाग ठाणे जिल्ह्यात होता, २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. मुंबईपासून काही तासांच्या अंतरावर हे घडत होते.

शाळेच्या ताटात काय असते?

शाळेत आहार देण्याची केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. पुढे नोव्हेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की मुलांना शिजवलेले गरम जेवणच मिळाले पाहिजे. आज पहिली ते पाचवीच्या मुलासाठी रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असे प्रमाण ठरलेले आहे. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत अशी अपेक्षा असते. सहावी ते आठवीसाठी हे प्रमाण ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने असे आहे.

म्हणजे पोट भरेल इतका भात शाळेत असतो. उणीव राहते ती प्रथिने, लोह आणि कॅल्शियम यांची. अशा वेळी आपण मैदा, साखर आणि तेलाचे बिस्कीट नेले, तर मुलाचे पोट पुन्हा भरते, पण उणीव तशीच राहते. पुष्कळदा असेही होते की सकाळी पुडा संपवलेले मूल दुपारी वरण-भात अर्धा टाकते. आपण दिलेल्या खाऊने त्याच्या वाट्याची डाळच कमी केली, असा त्याचा अर्थ.

अंड्याची गोष्ट

नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने शाळेच्या आहारात आठवड्यातून एकदा अंडे, आणि अंडे न खाणाऱ्या मुलांना केळे देण्याचे ठरवले. एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम उत्तम प्रथिने मिळतात. लहान मुलाच्या शाळेतील जेवणासाठी ठरलेल्या प्रथिनांच्या हे निम्मे झाले. मात्र जानेवारी २०२५ च्या शासन निर्णयानुसार अंड्यांसाठी वेगळा सरकारी निधी राहिला नाही. शाळांनी लोकसहभागातून ती द्यावीत, असे सांगण्यात आले.

शहरातील शाळेला लोकसहभाग मिळू शकतो. डोंगरातल्या पाड्यावर, जिथे पालकच दिवाळीनंतर वीटभट्टीवर कामाला जातात, तिथे हा लोकसहभाग कोण देणार? मित्रहो, हे काम आपले आहे. ६० मुलांची शाळा असेल तर आठवड्याला अंड्यांचे २ ट्रे लागतात. नाताळच्या एका दिवसाच्या खर्चात किती आठवडे निघतील, याचा हिशेब घरी बसून करून पाहा.

नाचणीची लाज वाटू नये

वारली, कोकणा, ठाकर, कातकरी यांच्या घरी उत्तम अन्नाची जाण पिढ्यान्‌पिढ्या आहे. तिकडे जिला नागली म्हणतात त्या नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. पॉलिश केलेल्या तांदळात ते १० च्या आसपास असते. पावसाळ्यात घरातले धान्य संपत येते तेव्हा रान धावून येते. शेवळे, टाकळा, कुर्डू, कवळा अशा भाज्या उगवतात. शेवळ्यांत काकडे घातली नाहीत तर घसा खाजतो, हे तिथल्या आजीला कोणी शिकवावे लागत नाही.

पण शहरातून आलेला पाहुणा नेहमी चकचकीत पुडाच आणतो, हे मूल पाहते. हळूहळू त्याला वाटू लागते की पुड्यातले ते मोठ्या लोकांचे अन्न आणि आपली काळी भाकरी गरिबीची. हे नुकसान कोणत्याही तक्त्यात दिसत नाही. म्हणून शाळेत गेल्यावर मुलांच्या पंगतीत बसा, तिथलेच जेवण जेवा आणि नाचणीची भाकरी मागून घ्या.

आपण काय करू शकतो?

• आधी मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीला विचारा. स्वयंपाक करणाऱ्या ताईंना काय हवे ते त्यांनाच सर्वांत चांगले ठाऊक असते.

• अंडी आणि केळी जवळच्या बाजारातूनच घ्यावीत. माल ताजा मिळतो आणि पैसा त्याच भागात राहतो.

• खाऊच न्यायचा असेल तर शेंगदाण्याची चिक्की, गूळ-चणे, राजगिऱ्याचे लाडू किंवा नाचणीचे सत्त्व न्या. दाणे कोरडे असावेत. बुरशी आलेले किंवा कडवट दाणे कधीही देऊ नयेत.

• शाळेच्या परसबागेसाठी शेवगा, पपई, लिंबू यांची रोपे आणि चांगले कुंपण द्या. कुंपण नसेल तर शेळ्या रोपे ठेवत नाहीत. लिंबाची फोड जेवणात असली की डाळ-भाजीतले लोह अंगी लागायला मदत होते.

• हात धुण्यासाठी साबण आणि पायांत चपला, हेसुद्धा पोषणाचेच साहित्य आहे. पोटात जंत असले की खाल्लेले अंगी लागत नाही.

पाच हजारांना जेवू घालण्याचा प्रसंग आपण सर्वजण जाणतो. योहानाच्या शुभवर्तमानात त्या मुलाजवळ जवाच्या भाकरी आणि दोन मासळ्या होत्या, असे सांगितले आहे. जव हे त्या काळी गरिबाचे धान्य होते. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर ती नाचणीची भाकरी आणि सुकटीची शिदोरी होती. प्रभूने ती बाजूला सारून दुसरे काही मागवले नाही. तीच हातात घेतली, आभार मानले आणि वाटली.

येत्या नाताळात खोकी बांधायला बसाल तेव्हा त्या मुलाची शिदोरी आठवा. एका दिवसाच्या गोडाऐवजी वर्षभर आठवड्याला एक अंडे, असा संकल्प आपण मंडळी म्हणून करू या. आणि त्या पाड्यांवरच्या चुली पेटत्या राहाव्यात म्हणून रोजच्या प्रार्थनेत त्या लेकरांची आठवण ठेवा.