अंबाडीच्या बोंडांचा व फळांचा चहा

आमच्या भीमाकाठच्या पट्ट्यात, म्हणजे कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर या बाजूस, दिवसातून किती वेळा चहा होतो याची कोणी नोंद ठेवू म्हणेल तर त्याची वही लवकरच संपेल. पहाटे धारा काढण्यापूर्वी एक, न्याहारीबरोबर एक, मजुरांबरोबर बांधावर एक, दुपारी जेवण होताच एक, कोणी पाहुणा आला की त्याच्या निमित्ताने एक, आणि पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर काही काम निघाले तर टपरीवरचे दोन निराळेच. यांपैकी दिवसा घेतलेल्या चहाविषयी आमची फारशी तक्रार नाही. तक्रार आहे ती सूर्यास्तानंतरच्या चहाविषयी. शेतीपंपाची वीज किंवा कालव्याचे आवर्तन रात्री आले म्हणजे जागरणासाठी चहा घेतला जातो. पाणी देऊन मनुष्य दोन वाजता घरी येतो आणि अंथरुणावर पडून पहाटेपर्यंत कूस बदलीत राहतो. दुसऱ्या दिवशी डोके जड, आणि ते हलके करण्यास पुन्हा चहा! हे चक्र पुष्कळ घरांत चालू आहे, पण त्याचे कारण चहाकडे आहे असे क्वचितच कोणाच्या लक्षात येते.

चहाच्या पानात कॅफीन नावाचे द्रव्य असते. ते थकवा नाहीसा करीत नाही. थकव्याची जाणीव काही वेळ मेंदूपर्यंत पोहोचू देत नाही, इतकेच. सर्वसाधारण प्रौढ मनुष्याच्या शरीरातून घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मे नाहीसे होण्यास सुमारे ५ तास लागतात. म्हणजे रात्री नऊ वाजता घेतलेला चहा दोन वाजताही अर्धा शिल्लक असतो. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत १५० मिलीलिटरच्या एका कप चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन धरले असून दिवसाची एकूण मर्यादा ३०० मिलिग्रॅम सांगितली आहे. जेवणापूर्वी व जेवणानंतर निदान एक तास चहा-कॉफी घेऊ नये असेही त्यांत आहे, कारण चहातील तुरट द्रव्य, ज्यास टॅनिन म्हणतात, ते अन्नातील लोह अंगी लागू देत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांस रक्तक्षय असल्याचे आढळले. मेथीची भाजी व बाजरीची भाकरी खाऊन लगेच वर चहा घेणाऱ्या माउलीने त्या भाजी-भाकरीतील लोहाचा काही भाग स्वतःच नाकारला, असे म्हणावे लागते.

तेव्हा प्रश्न असा की, संध्याकाळी ऊन ऊन काही प्यावेसे वाटले तर प्यावे काय? चहा हा आपल्याकडे पुरातन नाही. १९०३ साली निर्यात होणाऱ्या चहावर कर बसवून त्या पैशातून चहाच्या प्रसाराची व्यवस्था झाली, आणि पुढे १९३० नंतर बाहेरचे भाव पडल्यावर मळेवाल्यांनी देशातील शहरे व खेडी यांकडे विशेष लक्ष दिले. त्यापूर्वी आल्यागेल्यास गूळपाणी देण्याची रीत होती. ती सर्वस्वी परत येईल अशी आमची समजूत नाही. हातात ऊन पेला घेऊन चार शब्द बोलण्याची सवय आता मोडणार नाही. पण त्या पेल्यात काय असावे हे आपल्या हाती आहे.

हल्ली शहरांतील दुकानांत फळांच्या चहाच्या सुबक पेट्या मिळतात. त्या घेणाराने पेटीवरील चित्राकडे न पाहता मागील बाजूस बारीक अक्षरांत छापलेली घटकांची यादी वाचावी. सफरचंदाचे किंवा लिंबाचे चित्र असलेल्या कित्येक पेट्यांत साधा काळा चहाच असतो व त्यास फळाचा केवळ वास लावलेला असतो. हिरवा चहा हाही त्याच झाडाचा पाला असल्याने त्यातही कॅफीन असते. दक्षिण अमेरिकेतील 'माते' नावाची पाने मिसळली असतील तर त्यांतही ते आहेच. 'कॅफीन काढलेला' असे लिहिलेल्या चहात ते थोडे शिल्लक राहते. ज्यात चहाचा पाला मुळीच नाही, केवळ वाळलेली फळे, फुले, साली किंवा गवती चहा आहे, तेच पेय या कामाचे. गवती चहाचे नाव चहा असले तरी ते गवत आहे. त्यात कॅफीन नाही.

आता गंमत अशी की, जर्मनीत फळांचा चहा म्हणून जे पेय घरोघर घेतात त्याचा तांबडा रंग व आंबटपणा बहुधा लाल अंबाडीच्या बोंडांमुळे असतो. हीच बोंडे इजिप्त व सुदानात 'करकदे' या नावाने उकळून पितात, आणि मेक्सिकोत तिचे थंड सरबत करतात. आपल्याकडे मात्र अंबाडीचा पाला भाजीस व ताग वाखास गेला की झाडाचे काम संपले असे समजतात, आणि बोंडे बांधावरच वाळून जातात.

येथे एक भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. वाखासाठी जी अंबाडी बाजरीच्या कडेने पेरीत, तिची बोंडे सुकी व बोचरी असतात; ती या कामाची नव्हेत. लाल अंबाडी ही निराळी जात होय. तिच्या बोंडाभोवतीचे आवरण जाड, रसाळ व गर्द लाल असते. पुष्कळ लोक त्यास फुलाच्या पाकळ्या समजतात, परंतु फूल पिवळसर असून ते एका दिवसात गळते; आपणास हवा तो त्याखालचा पुष्पकोश. पावसाच्या आरंभी बी टाकले तर दिवस लहान होऊ लागल्यावर झाड फुलते, आणि फूल गळल्यानंतर दोन-तीन आठवड्यांत बोंड भरते. आवरण रसरशीत असतानाच, आतील बोंड तडकण्यापूर्वी, ते खुडावे. देठाकडून चिरून आतील हिरवे बोंड काढून टाकावे. लाल आवरणे धुऊन, निथळून, फडक्यावर सावलीत पातळ पसरून वाळवावीत. कडक उन्हात रंग उडतो. ढगाळ हवेत वा दव पडेल अशा ठिकाणी बुरशी धरते. बोटांत चुरडल्यास कुडकुडीत मोडली म्हणजे वाळली असे समजून कोरड्या बरणीत घट्ट झाकून ठेवावीत. ओल्या १० किलो आवरणांचा सुमारे १ किलो कोरडा माल होतो. एका पेल्यास २ ग्रॅम धरले तर त्या एका किलोचे ५०० पेले झाले. चार माणसांच्या घरास रोज संध्याकाळी एकेक पेला याप्रमाणे ते चार महिने पुरावेत. ज्यास घरच्यापुरतेच करावयाचे आहे त्याने बांधाच्या एका कडेस थोडी झाडे लावली तरी भागते.

अंबाडीखेरीज आपल्या शिरूर-दौंडच्या रानात आवळा, बोर, लिंबू, चिंच, डाळिंब यांची वाण नाही. आवळकाठी कुटून घेतल्यास काढा तुरट-आंबट होतो. त्यात सुंठ चांगली लागते. वाळलेल्या बोरांस गोडी असते, म्हणून ती अंबाडीच्या जोडीला घेतली तर साखर थोडी लागते. आमच्या मते हे मिश्रण सर्वांत उत्तम. डाळिंबाचे दाणे वाळवता येतात, परंतु आपल्याकडील भगवा जात गोड असल्याने काढ्यास आंबटपणा यावयाचा तो येत नाही. कोकणचे आमसूल मिळाले तर दोन-तीन पाकळ्या पुरतात. मात्र लिंबाची किंवा डाळिंबाची साल वापरावयाची असेल तर ती औषध न फवारलेल्या झाडाचीच असावी. बागेत काय काय फवारले जाते हे आम्ही बागाईतदार वाचकांस सांगावयास नको.

पुष्कळांनी हा प्रयोग एकदा केला व 'यात चव नाही' म्हणून सोडला. त्याचे कारण ते हा चहा चहासारखा करतात. चहाची पत्ती दोन-तीन मिनिटांत उतरते आणि अधिक वेळ राहिल्यास कडवट होते. फळाचे तसे नाही. वाळलेल्या फळात पाणी शिरून रस बाहेर यावयास वेळ लागतो. पाणी खळखळ उकळलेले असावे, ते अंबाडीवर ओतून भांडे झाकून ८ ते १० मिनिटे तसेच ठेवावे. बोर किंवा आवळकाठी असेल तर ती आधी कुटून मंद आचेवर १० मिनिटे उकळावी व मग त्यात अंबाडी घालून झाकावे. गवती चहा व वेलदोडा शेवटी घालावेत, नाहीतर वास वाफेबरोबर निघून जातो. दूध घालू नये, आंबटामुळे ते फाटते. भांडे पोलादी, काचेचे किंवा मातीचे असावे. कल्हई उडालेले पितळी वा तांब्याचे भांडे आणि अ‍ॅल्युमिनियमचे पातेले आंबट पदार्थास वर्ज्य. विहिरीचे पाणी फार क्षारयुक्त असेल तर पेल्याचा लाल रंग मंद होऊन त्यावर जांभळट छटा येते. त्यात लिंबाचे चार थेंब पिळले की रंग पुन्हा उजळतो. मुलांस हा खेळ फार आवडतो.

गूळ घातल्यास चव खमंग होते पण रंग काळवंडतो. साखर अगर गूळ चहाइतकाच घातला तर कॅफीन गेले तरी गोडाचा भार राहिलाच. म्हणून पेल्यास एका लहान चमच्याहून अधिक नको. उन्हाळ्यात हाच काढा गाळून, माठात निववून, चिमूटभर सैंधव घालून घेतला तर उसाच्या बांधणीवरून आलेल्या मनुष्यास तो पन्ह्याइतकाच गोड लागतो.

या पेयास कोणी औषध समजू नये. अंबाडीच्या काढ्याने रक्तदाब काहीसा उतरतो असे आढळले आहे. म्हणूनच रक्तदाबाची गोळी चालू असलेल्यांनी तो नित्य घेण्यापूर्वी वैद्यास विचारावे, आणि गरोदर स्त्रीने तो टाळावा. ज्यांस आम्लपित्ताचा त्रास आहे त्यांनी रिकाम्या पोटी घेऊ नये. फळांच्या काढ्यातही थोडे तुरट द्रव्य असतेच, आवळकाठी व डाळिंबाच्या सालीत तर बरेच. तेव्हा जेवण होताच तोही न घेता तासाभराने घ्यावा.

बियाण्याविषयी शेवटी एक सूचना. सर्व बोंडे खुडून टाकू नयेत. ज्या झाडाची आवरणे सर्वांत जाड व गर्द असतील अशी दोन-तीन झाडे खूण करून राखावीत, बोंडे झाडावरच पूर्ण वाळू द्यावीत, आणि ती तडकू लागण्याच्या बेतात सकाळच्या गारव्यात काढून बी झोडून घ्यावे. उन्हात काढू गेल्यास निम्मे बी बांधावरच सांडते.