तक्रारी शून्य! पण विचारलंत कसं?

ऑफिसमधलं पॉश ट्रेनिंग आठवतंय? तेच हो, लॅपटॉपवर एका कोपऱ्यात चालू ठेवून आपण बाकीचे मेल संपवतो, आणि शेवटची क्विझ शेजारच्याला विचारून उडवतो! २०१३ च्या त्या कायद्यानुसार वर्षभरात लैंगिक छळाच्या किती तक्रारी आल्या हे कंपनीला वार्षिक अहवालात सांगावं लागतं. तिथे शून्य दिसला की सगळे खूश. शून्य म्हणजे ऑल इज वेल, नाही का?

थांबा. हाच शून्य अमेरिकेतल्या कॉलेजांनीही छापला होता.

तिथे १९९० पासून क्लेरी अ‍ॅक्ट आहे. १९८६ साली पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय युनिव्हर्सिटीच्या होस्टेलमध्ये जीन क्लेरी या १९ वर्षांच्या मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला. तिचे आई-वडील हात धुऊन मागे लागले, म्हणून हा कायदा झाला. कॅम्पसवर घडलेल्या गुन्ह्यांचे आकडे कॉलेजने दरवर्षी जाहीर करायचे. २०१४ सालचे आकडे एएयूडब्ल्यू या महिला संघटनेने तपासले, तर ९१ टक्के कॉलेजांनी बलात्काराच्या रकान्यात भरलं होतं... शून्य.

आता पुढच्याच वर्षीचा दुसरा आकडा बघा. २०१५ मध्ये असोसिएशन ऑफ अमेरिकन युनिव्हर्सिटीजने हार्वर्ड, येल यांच्यासह २७ युनिव्हर्सिटींमधल्या विद्यार्थ्यांना थेट विचारलं. तब्बल दीड लाख मुला-मुलींनी उत्तरं दिली. पदवीच्या वर्गातल्या २३.१ टक्के मुलींनी सांगितलं, की कॉलेजात आल्यापासून आपल्यावर बळजबरीने किंवा आपण शुद्धीत नसताना लैंगिक अत्याचार झाला आहे. यात बलात्कारापासून नको तिथे हात लावण्यापर्यंत सगळं आलं, आणि घटना कॅम्पसच्या बाहेरचीही चालत होती, हे खरं. त्यामुळे दोन आकडे जसेच्या तसे एकमेकांसमोर ठेवता येत नाहीत. तरीसुद्धा शून्य कुठे आणि तेवीस कुठे!

गंमत अशी, की दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत. पहिल्यात मोजली जाते खिडकीवर येऊन फॉर्म भरणारी माणसं. दुसऱ्यात मोजलं जातं काय घडलं ते.

शब्द बदला, उत्तर बदलतं

ही युक्ती मेरी कॉस या मानसशास्त्रज्ञ बाईंची. ओहायोतल्या केंट स्टेट युनिव्हर्सिटीत असताना त्यांच्या लक्षात आलं, की 'तुझ्यावर बलात्कार झाला का?' असं विचारलं की मुली चटकन 'नाही' म्हणतात. बलात्कारी म्हणजे अंधाऱ्या गल्लीतला अनोळखी गुंड, अशी डोक्यात पक्की बसलेली इमेज! पार्टीनंतर सोडायला आलेला मित्र त्यात बसतच नाही. म्हणून कॉस यांनी तो शब्दच वगळला आणि नेमकं काय घडलं एवढंच विचारलं. इच्छा नसताना कोणी धाक दाखवून, दारू पाजून, हात धरून काय केलं? ३२ कॉलेजं आणि ६,१५९ विद्यार्थी. १९८७ साली निष्कर्ष छापून आले. वयाच्या चौदाव्या वर्षापासून बलात्कार किंवा तसा प्रयत्न या कायद्याच्या व्याख्येत बसेल असा अनुभव २७.५ टक्के मुलींनी सांगितला होता. पण बलात्काराच्या व्याख्येत बसणाऱ्यांपैकी जेमतेम २७ टक्के मुली त्याला बलात्कार म्हणत होत्या. ४२ टक्के जणींनी तर कोणालाच काही सांगितलं नव्हतं. मैत्रिणीलाही नाही.

पुढे २०१४ मध्ये एमआयटीने (आपली कोथरूडची नव्हे, बोस्टनशेजारची) स्वतःच्या मुलांचा सर्व्हे केला. वागणुकीचं वर्णन करून विचारलं तर पदवीच्या १७ टक्के मुलींचं 'हो'. त्याच मुलींना थेट नाव घेऊन विचारलं, तर ११ टक्के. आणि अधिकृत माणसापर्यंत जाऊन पोहोचलेले ५ टक्क्यांहून कमी! एकाच कॅम्पसमध्ये, त्याच मुलांमध्ये, तीन वेगळे आकडे.

पण यात झोल नाही ना?

आहे की. २०१५ च्या पाहणीत बोलावलेल्यांपैकी फक्त १९.३ टक्के विद्यार्थ्यांनी उत्तरं दिली. काहींना पाच डॉलरचं गिफ्ट कार्ड, बाकीच्यांना पाचशे डॉलरच्या लॉटरीत नंबर, तरी ही स्थिती. ज्याला सांगण्यासारखं काही आहे तोच फॉर्म भरतो, त्यामुळे टक्का फुगू शकतो, हे अहवालानेच कबूल केलं. शिवाय युनिव्हर्सिटीगणिक आकडा १३ पासून ३० टक्क्यांपर्यंत फिरतो. त्यामुळे 'पाचातली एक' हे प्रत्येक कॅम्पसला चिकटवायचं लेबल नाही. चार वर्षांनी, २०१९ मध्ये, ३३ युनिव्हर्सिटींत पुन्हा विचारलं तर २५.९ टक्के आले.

मला मात्र टक्क्यांपेक्षा दुसरंच उत्तर जास्त बोचलं. तक्रार का नाही केली? सगळ्यात गंभीर प्रकार सोसलेल्यांपैकीही निम्म्याहून जास्त जणांचं म्हणणं होतं, 'तेवढं काही सीरियस वाटलं नाही.' लोकलमधला धक्का, ऑफिस पार्टीतला 'जोक' आपण ज्या वाक्याने गिळतो, तेच हे वाक्य. इंग्रजीत.

आपल्याकडेही कागद चोख आहेत. यूजीसीने २०१६ मध्ये लागू केलेल्या नियमांनुसार प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती हवी, विद्यार्थ्यांचं प्रकरण असेल तर तिच्यात निवडून आलेले विद्यार्थीही हवेत, आणि तक्रार साधारण तीन महिन्यांत द्यायची. म्हणजे मोजणी पुन्हा खिडकीवरच. नेमकं काय झालं याला नाव द्यायलाच ज्या मुलीला वर्ष लागतं, ती या हिशेबात कुठे धरायची?

आणि ज्यांची बहीण, मैत्रीण किंवा होणारी बायको जीआरई देऊन एमएस-पीएचडीला निघाली आहे, त्यांच्यासाठी २०१९ च्या अहवालातली एक ओळ. छळ सोसलेल्या पदवीच्या मुलींपैकी ५.५ टक्के जणींनी बोट दाखवलं प्राध्यापकाकडे किंवा शिकवणाऱ्याकडे. पदव्युत्तर मुलींमध्ये हाच आकडा २४ टक्के! कारण उघड आहे. स्टायपेंड गाइडच्या ग्रँटमधून, शिफारसपत्र गाइडचं, आणि अ‍ॅडमिशन गेली की व्हिसाही गेला. अशा वेळी मुली सांगतात ते बहुतेक मैत्रिणीलाच. बऱ्याच युनिव्हर्सिटींत प्राध्यापकाला सांगितलं की त्याला ते 'टायटल नाइन' ऑफिसला कळवावंच लागतं. काउन्सेलरला सांगितलं तर सहसा गोष्ट त्या खोलीतच राहते. ही दोन दारं वेगळी आहेत हे ओरिएंटेशनच्या आठवड्यात सांगतात. नेमकी तेव्हाच आपली मंडळी सिम कार्ड आणि सेकंडहॅण्ड गाद्या शोधत फिरत असतात.