नंबर ज्याचा, खातं त्याचं

सकाळी ८.३०

सिन्नरच्या बसस्थानकापासून चालत पाच मिनिटांवर माझं दुकान. एका बाजूला आपले सरकार सेवा केंद्र, दुसऱ्या बाजूला रिचार्ज आणि सिमकार्डं. शटर वर करायच्या आधीच पायरीवर माणसं बसलेली असतात. कुणाला उत्पन्नाचा दाखला हवा असतो, कुणाला सातबारा, कुणाला पोरीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असतो. कागद आणलेत का, हे मी नंतर विचारते. आधी विचारते, "आधारला कुठला नंबर जोडलाय? तो फोन जवळ आहे का?"

बऱ्याच जणांचं काम इथेच अडतं. आधार काढताना घरात फोन नव्हता म्हणून शेजारच्या पोराचा नंबर दिलेला असतो, किंवा दिलेला नंबर केव्हाच बंद पडलेला असतो. २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली तेव्हा हे सगळं एकदम उघडं पडलं. बाईच्या आधारचा ओटीपी लागायचा, शिवाय नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही. ज्यांचे दोघेही हयात नव्हते त्यांना पुढे अंगणवाडी सेविकेकडे कागदपत्रं देण्याची सोय झाली. पण नवरा हयात आणि नंबर मात्र बंद, अशा बायकांनी आधार केंद्रासमोर रांगा धरल्या. महिन्याच्या १५०० रुपयांचा प्रश्न सहा आकड्यांवर येऊन थांबला होता. तेव्हापासून मी प्रत्येकाला नंबर जपायला सांगते.

सकाळी १०.००

मुसळगावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागलेला एक मुलगा नवं सिम घ्यायला आला. आधार, अंगठा, त्याचा फोटो आणि विकणारी म्हणून माझीही नोंद, एवढं झाल्याशिवाय सिम देता येत नाही. डिसेंबर २०२३ पासून नोंदणीकृत विक्रेत्यालाच सिम विकता येतं. एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त नऊ सिम असू शकतात.

त्याच्यामागे उभे असलेले काका म्हणाले, "ताई, माझ्या नावावर एकच आहे." मी त्यांना दूरसंचार विभागाचं संचार साथी हे संकेतस्थळ उघडून दिलं. मोबाइल नंबर टाकला, ओटीपी आला, यादी समोर आली. तीन नंबर होते. शेवटचे चार आकडे वाचून काकांनी स्वतःचा ओळखला, दुसरा सुनेचा निघाला. तिसरा कुणालाच ठाऊक नव्हता. त्या नंबरापुढे "माझा नंबर नाही" हा पर्याय निवडून तक्रार नोंदवली, तिचा क्रमांक काकांच्या वहीत लिहून दिला. अशा अनोळखी नंबरावरून उद्या कुणाची फसवणूक झाली, तर पोलीस पहिल्यांदा काकांचं दार वाजवतील. सोय फुकट आहे, दोन मिनिटांची आहे. घरातल्या प्रत्येकाने ती करून घ्यावी.

सकाळी ११.३०

कॉलेजातला एक मुलगा खुर्ची ओढून बसला. "ताई, व्हर्च्युअल नंबर मिळेल का? एका ॲपवर दुसरं खातं काढायचंय, माझा नंबर आधीच वापरलाय." असं विचारणारी मुलं हल्ली वारंवार येतात, आणि त्यांना नीट उत्तर द्यायला मला आवडतं.

व्हर्च्युअल नंबर म्हणजे ज्याच्यामागे तुमच्या हातातलं सिम नाही असा नंबर. तो इंटरनेटवर असतो, मेसेज संगणकावर येतात. फुकट देणारी संकेतस्थळं आहेत आणि काही रुपयांत भाड्याने देणारीही. मी त्याला तसलं एक फुकट पान उघडून दाखवलं. परदेशी नंबरांची रांग, त्यातल्या एकावर बोट ठेवलं की खाली त्या नंबरावर आलेले मेसेज. एकाखाली एक कोड. कुठल्या खरेदीच्या ॲपचा, कुठल्या गेमचा, कुठल्या ईमेलचा. आम्ही बघत होतो तेवढ्यात वर आणखी दोन येऊन बसले. "हे कोड कुणाचे?" त्याने विचारलं. कुणाचेही असतील. आपण वाचतोय तसे जगातलं कुणीही वाचतंय. त्या नंबरावर खातं काढलं, तर ज्याला पासवर्ड बदलावासा वाटेल तो "पासवर्ड विसरलो" दाबेल आणि कोड इथूनच उचलेल.

भाड्याच्या नंबराचं दुखणं वेगळं आहे. तो तुम्हाला काही मिनिटांपुरता मिळतो, मग दुसऱ्याला जातो. सहा महिन्यांनी ॲपने पुन्हा खातरजमा मागितली तर तुमच्याकडे काहीच नसतं. शिवाय कंपन्याही सावध झाल्या आहेत. टाकलेला नंबर मोबाइलचा, लँडलाइनचा की इंटरनेटवरचा, हे त्यांना तपासता येतं. व्हॉट्सॲपच्या नियमांत इंटरनेट कॉलिंगचा नंबर बसत नाही.

मग भाड्याला खरे मोबाइल नंबर येतात कुठून? ऑक्टोबर २०२५ मध्ये युरोपातल्या पोलिसांनी लाटव्हियात अशीच एक टोळी पकडली. एकाच वेळी ढीगभर सिम चालवणारी सुमारे १२०० यंत्रं आणि ४० हजार चालू सिमकार्डं जप्त झाली. ऐंशीहून अधिक देशांतल्या लोकांच्या नावावरचे नंबर तिथून भाड्याने दिले जात होते, आणि त्यांवर ४ कोटी ९० लाखांहून जास्त खाती उघडली गेली होती. बनावट बँका, बनावट दुकानं, नातेवाइकाच्या नावाने पैसे मागणारे मेसेज, सगळं त्या खात्यांवरून चालत होतं. हे ऐकल्यावर तो मुलगा थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "म्हणजे मी पैसे भरले असते तर ते यांनाच." हो, बहुधा यांच्यासारख्यांनाच.

दुपारी १.००

डबा उघडायच्या आधी एक ताई आल्या. पंधरा दिवसांपूर्वी घेतलेल्या नव्या नंबरावर त्यांना भलत्याच माणसाच्या कर्जाच्या हप्त्याचे मेसेज येतात, आणि एका ॲपवर नंबर टाकला की "तुमचं खातं आधीपासून आहे" असं दिसतं. नंबर नवा नाही, कुणाचा तरी सोडलेला आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की बंद झालेला नंबर किमान ९० दिवस दुसऱ्या ग्राहकाला दिला जात नाही. त्यानंतर तो पुन्हा बाजारात येतो. आपली माहिती सुरक्षित ठेवण्याची काळजी जुन्या ग्राहकानेच घ्यावी, असं न्यायालयानेही म्हटलं.

ताईंना बँकेच्या आणि ॲपच्या मदत केंद्राला कळवायला सांगितलं. मेसेजमधल्या कुठल्याही दुव्याला हात लावू नका, आलेला कोड कुणाला सांगू नका, हेही बजावलं. त्या जुन्या मालकाने नंबर सोडण्यापूर्वी बँक, आधार, गॅस, ईमेल, व्हॉट्सॲप इथे नवा नंबर टाकला असता तर दोघांचाही त्रास वाचला असता.

दुपारी ३.३०

उन्हामुळे गर्दी कमी असते, बोलायला सवड मिळते. घरगुती मसाले करणाऱ्या एक मावशी आल्या. पाकिटावर नंबर छापल्यापासून रात्री-बेरात्री नको ते फोन येतात. खासगी नंबर सगळ्यांच्या हाती पडू नये ही त्यांची मागणी अगदी रास्त आहे, आणि त्यावर चांगले मार्ग आहेत.

व्हर्च्युअल नंबराचे वापर प्रामाणिकही असतात. रिक्षा-टॅक्सीच्या ॲपवरून चालकाला फोन केला तर अनेकदा मधला एक नंबर दिसतो, म्हणजे दोघांचेही खरे नंबर झाकलेले राहतात. मोठ्या कंपन्या ग्राहकांसाठी एकच नंबर ठेवतात आणि फोन आतल्या माणसांकडे वळवतात. हे नंबर परवानाधारक कंपनीकडून, ओळखपत्र देऊन घेतलेले असतात. मावशींसाठी एवढ्या खटाटोपाची गरज नव्हती. त्यांच्याच नावावर दुसरं सिम, फोनच्या दुसऱ्या खणात, त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस. रात्री नऊनंतर ते सिम बंद. बँक आणि आधार जुन्याच नंबराला, आणि तो पाकिटावर नाही. "एवढंच?" मावशी म्हणाल्या. एवढंच. पुढची पाकिटं त्या नव्या नंबराने छापणार आहेत.

संध्याकाळी ५.३०

एक आजी दर महिन्याला येतात आणि मुलाच्या नंबराला रिचार्ज मारून जातात. मुलगा मस्कतला फिटर आहे. इथलं सिम तो तिकडे दुसऱ्या खणात ठेवतो, कारण इथल्या बँकेचे ओटीपी त्यावर येतात. एकदा रिचार्ज राहिला आणि नंबर बंद होता होता वाचला. ९० दिवस कॉल, मेसेज, इंटरनेट काहीच वापर नसेल तर कंपनीला प्रीपेड नंबर बंद करता येतो.

मी आजींना एक गोष्ट लिहून दिली, मुलाला वाचून दाखवा म्हटलं. जानेवारी २०२३ मध्ये परदेशातल्या भारतीयांना त्यांच्या तिकडच्या नंबरावरून यूपीआय वापरायची मुभा मिळाली. ओमानसह दहा देश त्यात होते. त्यासाठी खातं परदेशातल्या भारतीयांसाठीचं, म्हणजे एनआरई किंवा एनआरओ प्रकारचं लागतं आणि बँकेत तो नंबर नोंदवलेला हवा. परदेशातल्या प्रत्येकाने बँकेला विचारून ही सोय करून घ्यावी. तिकडे बसून भारतीय व्हर्च्युअल नंबर विकत घेण्याच्या जाहिरातींच्या नादी लागू नये.

संध्याकाळी ७.१५

दिवे लागल्यावर कारखान्यातली पाळी सुटते आणि दुकान पुन्हा भरतं. त्यातल्या एकाने हळू आवाजात विचारलं, "ताई, सिम आणि व्हॉट्सॲप भाड्याने द्यायचे रोजचे पैसे मिळतात म्हणे. फक्त ओटीपी सांगायचा. खरं का?" पैसे मिळतीलही, पण घरी पोलीस येतील. सकाळच्या मुलाने जो नंबर भाड्याने घ्यायचा म्हटला होता, तो असाच कुणातरी गरजूकडून निघालेला असतो. नंबर तुमच्या नावावर, त्यावरून बोलणारा दुसराच, आणि लुटली जाणारी एखादी आजीच. दूरसंचार कायदा, २०२३ नुसार फसवणुकीने किंवा दुसऱ्याच्या नावाने सिम मिळवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याच्यासोबत आलेल्या मित्राने आधीच कुणाला तरी ओटीपी सांगितला होता. त्या मित्राला तिथल्या तिथे व्हॉट्सॲपमधली जोडलेली उपकरणं बघायला लावली, अनोळखी उपकरण काढलं, दोन टप्प्यांची पडताळणी चालू केली आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन लावून दिला.

रात्री ८.४५

हिशेब मिटवला, अर्जांच्या पावत्या लावल्या. उद्याही नंबराचीच कामं जास्त असणार, कारण आता रेशनपासून पगारापर्यंत सगळ्याची वाट मोबाइल नंबरातून जाते.

म्हणून वाचणाऱ्यांना विनंती. पैसे, आधार, ईमेल आणि ज्याच्यावाचून तुमचं अडेल असं कुठलंही खातं स्वतःच्या नावावरच्या, स्वतःच्या हातातल्या सिमवरच ठेवा. लोकांना द्यायला नंबर हवा असेल तर दुसरं सिम घ्या. नंबर सोडायचा असेल तर आधी सगळीकडे बदला, मग सोडा. आणि या आठवड्यात एकदा घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसून त्यांच्या आधारला आणि बँकेला कुठला नंबर जोडलाय ते तपासा. तो चालू नसेल तर काम अडायची वाट न बघता दुरुस्त करून घ्या.