उगमापाशी डोंगर खचतो, काठावर अंग तापते

दरवर्षी १ जानेवारीला आपण भीमा कोरेगावला विजयस्तंभाला मानवंदना द्यायला जातो. तिथून बरेच जण वढू बुद्रुकला जातात, गोविंद गोपाळ यांच्या समाधीला अभिवादन करतात आणि दिवस मावळायच्या आत परतीची वाट धरतात. त्या दिवसांत ऊन कोवळे असते, अंगावर स्वेटर असतो. त्यामुळे वढूची आपल्या मनातली आठवण थंडीतली आहे.

हेच वढू एकदा वैशाखात पाहावे. शिरूर तालुका पर्जन्यछायेत येतो. दुपारी बाराला रस्त्यावर माणूस दिसत नाही, पण शेतात दिसतो. कांदा काढायला, उसात खुरपायला, बांधकामावर सिमेंट कालवायला माणसे उभीच असतात. ही माणसे कोण, हे आपल्याला सांगायला नको. त्यांतली बरीच आपल्याच घरातली असतात. काही मात्र डोंगरातून उतरून आलेली असतात. या महिन्याच्या आरोग्य पानावर आम्ही दोघांबद्दल बोलणार आहोत, कारण बदलत्या हवामानाचा मार आधी या दोघांवर पडतो आहे.

नदी एक, हाल दोन

वढूच्या काठाने वाहणारी भीमा भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावते. शिरूर शहराच्या काठची घोडनदीही आंबेगाव तालुक्यातल्या सह्याद्रीतूनच येते आणि पुढे भीमेला मिळते. म्हणजे शिरूर आणि दौंडच्या शेतांना मिळणारे पाणी ज्या डोंगरांवर पडते, तिथे महादेव कोळी, ठाकर, कातकरी या आदिवासी समाजांची वस्ती आहे. पावसाची पहिली धार त्यांच्या छपरावर पडते.

त्या पावसाची चाल आता बदलली आहे. पुण्यातल्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिमुसळधार पावसाच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या, असे त्यात दिसले. त्याच वेळी एकूण मोसमी पाऊस मात्र घटला. सोप्या भाषेत सांगायचे तर रोज थोडा थोडा पडून जमिनीत मुरणारा पाऊस कमी झाला आणि एकदम कोसळून वाहून जाणारा पाऊस वाढला.

३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले. दीडशेहून अधिक माणसे गेली, बहुतेक आदिवासी. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ती ठाकरांची वाडी. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि शोध थांबवावा लागला. अशा एकेका दुर्घटनेचा सगळा दोष हवामानबदलावर टाकणे बरोबर नाही. उतारावरची खोदाई आणि सपाटीकरण, तुटलेली झाडे, धोक्याच्या जागी राहण्याची वेळ, हे सगळे त्यात येते. पण कमी वेळात जास्त पाऊस पडू लागला की कमकुवत उतार आधी जातो, आणि त्या उतारावर कोणाची घरे आहेत हे आपण पाहतोच.

डोंगर कोसळला की बातमी होते. रानातले उत्पन्न बुडाले तर होत नाही. आंबेगाव, जुन्नर, खेडच्या पश्चिम भागात हिरडा हे आदिवासी घरांचे हक्काचे पीक आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याचे मोठे नुकसान झाले आणि भरपाईसाठी लोकांना वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली. रानातून पैसा आला नाही, भात हातचा गेला, झरा लवकर आटला, की माणूस डोंगर उतरून कामाला निघतो.

डोंगर उतरला की भट्टी

कातकरी समाज एके काळी खैराच्या झाडापासून कात काढत असे, नावही त्यावरूनच पडले. केंद्र सरकारने महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमातींना विशेष असुरक्षित आदिवासी गट मानले आहे, त्यांत कातकरी एक. दुसऱ्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. म्हणजे वर्षातला सगळ्यात तापलेला काळ त्यांचा आगीशेजारी जातो. वरून ऊन, बाजूला पेटलेली भट्टी, पायाखाली तापलेली माती. राहायला भट्टीजवळच विटा रचून केलेली खोपी, आणि मुले तिथेच.

आपली गोष्ट वेगळी आहे. आदिवासींचा प्रश्न जंगलाचा आणि जमिनीचा आहे, त्यासाठी २००६ चा वनहक्क कायदा आहे आणि त्यांची स्वतःची लढाई आहे. तो प्रश्न आपला म्हणून आपण मिरवू नये. पण शेतात, भट्टीवर, बांधकामावर ते आणि आपण शेजारी उभे असतो, आणि उन्हापुढे दोघांचे शरीर सारखेच आहे.

यात एक अन्यायही आहे. हवा तापते ती कोळसा, पेट्रोल, डिझेल, गॅस जाळल्याने निघणाऱ्या कार्बन वायूमुळे. सरासरी अमेरिकी माणसामागे वर्षाला साधारण १४ टन कार्बन वायू हवेत जातो. सरासरी भारतीयामागे साधारण २ टन. पत्र्याच्या घरातल्या आणि भट्टीवरच्या खोपीतल्या माणसाचा वाटा त्याहूनही कमी. ज्याने जाळले कमी, तो भाजतो जास्त.

उन्हात शरीराचे काय होते?

आपल्या शरीराचे आतले तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राहावे लागते. काम करताना स्नायूंतून उष्णता निघते. ती बाहेर टाकायला शरीराकडे मुख्य उपाय घामाचा. घाम वाळतो तेव्हा अंग थंड होते. अंगात पाणी कमी असेल तर घाम कमी येतो. हवा दमट असेल तर घाम येतो पण वाळत नाही. दोन्ही वेळा उष्णता आत साठत जाते.

म्हणून नुसता पारा पाहून चालत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरला उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी पारा चाळिशीच्या आतच होता. पण हवा दमट होती आणि लोक तासन्‌तास सावलीविना बसले होते.

नव्या माणसाला धोका जास्त असतो. उन्हात काम करायची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. थंड डोंगरातून आलेला मजूर किंवा आजारपणातून उठलेली बाई पहिल्याच दिवशी पूर्ण काम करायला गेली तर पडण्याची भीती असते. पहिले काही दिवस काम थोडे आणि विश्रांती जास्त, हाच नियम.

दुसरी इजा चोरपावलांनी येते. निकाराग्वा आणि एल साल्वाडोर या देशांत हजारो ऊसतोड कामगारांची मूत्रपिंडे तरुणपणीच निकामी झाली. त्यांतल्या बहुतेकांना मधुमेह किंवा रक्तदाब नव्हता. रोज उन्हात अंग तापणे आणि पाणी कमी पडणे हे त्याचे मोठे कारण असावे, असे डॉक्टर सांगतात. तिथल्या काही ठिकाणी पाणी, विश्रांती आणि सावली यांची नीट व्यवस्था केली, तेव्हा ही इजा कमी झालेली दिसली. आपल्याकडे शिरूर-दौंडचा पट्टा उसाचाच आहे. लघवी रोज गडद पिवळी होत असेल, कमी होत असेल, तर ते अंगावर काढू नका.

आयाबहिणींबद्दल वेगळे सांगायला हवे. रानात आडोसा नाही, कामावर संडास नाही, म्हणून अनेक बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्यातून लघवीची जळजळ, जंतुसंसर्ग, चक्कर, आणि गरोदर बाई असेल तर तिला व बाळाला धोका. याला बाईचा हलगर्जीपणा म्हणू नका. दोष कामाच्या जागेचा आहे.

ओळखा आणि लगेच करा

आधीची खूण : खूप घाम, डोके दुखणे, मळमळ, पोटऱ्यांत गोळे, चक्कर. काम ताबडतोब थांबवा. सावलीत बसवा, कपडे सैल करा, ओले फडके फिरवा, घोट घोट पाणी द्या. अर्ध्या तासात उतार पडला नाही, किंवा त्याआधीच त्रास वाढला, तर दवाखाना गाठा.

जिवावरची खूण : माणूस असंबद्ध बोलतो, तोल जातो, झटके येतात किंवा शुद्ध हरपते, अंग चटक्यासारखे गरम लागते. हा उष्माघात. ‘घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही’ असे समजू नका. कष्टाच्या कामात घाम येत असतानाही उष्माघात होतो. लगेच १०८ ला फोन लावा. पण गाडीची वाट पाहत नुसते बसू नका. सावलीत नेऊन अंगावर भरपूर पाणी ओता आणि वारा घाला. मान, काखा आणि जांघेत ओली थंड फडकी ठेवा. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाते. तापाची गोळी इथे कामाची नाही.

घरचे जीवनजल : १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ त्याहून जास्त नको. हे पाणी एका दिवसात संपवा, उरले तर फेका. ओआरएसची पुडी आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात मिळते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचे पाणी न देता आईचे दूध जास्त वेळा पाजा. रक्तदाब, हृदय, मूत्रपिंड किंवा मधुमेहाचे औषध चालू असेल तर उन्हाळ्यात पाणी, मीठ-साखर आणि गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. गोळी मनाने बंद करू नका.

पत्र्याखालची रात्र

दिवसभर तापलेले शरीर रात्री निवायला हवे. पत्र्याच्या खोलीत ते निवत नाही, आणि दुसऱ्या दिवशीचे काम आधीच थकलेल्या अंगाने सुरू होते. मे २०१० मध्ये अहमदाबादचा पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू झाले. त्यानंतर २०१३ साली त्या शहराने उष्णतेविरुद्ध कृती आराखडा केला. पुढे तिथे गरीब वस्त्यांतली छपरे पांढरी करण्याचे कामही हाती घेतले. चुन्याचा दाट पांढरा हात पत्र्यावर दिला तर ऊन परतते आणि खोली कमी तापते. हे काम मार्चमध्येच उरकावे. मारताना डोळे जपावेत, चुना भाजतो. पंखा असेल तर झोपताना अंग ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. तापलेल्या खोलीत नुसता पंखा गरम हवाच फिरवतो.

विहाराने आणि मंडळाने काय करावे?

आपले मोठे उत्सव उन्हाळ्यातच येतात. १४ एप्रिलची जयंती आणि वैशाखातली बुद्धपौर्णिमा. मिरवणूक संध्याकाळी काढा. दुपारच्या सभेला मंडप नसेल तर सभाच पुढे ढकला. डीजेच्या खर्चातून थोडे वाचवून पाण्याच्या टाक्या आणि ओआरएस ठेवा. लहान मुले, म्हातारी माणसे आणि लेझीम पथक यांच्याकडे लक्ष द्यायला दोन माणसे नेमा. वेधशाळेचा नारिंगी किंवा लाल इशारा असेल त्या दिवशी विहार दुपारभर उघडा ठेवा. ज्याचे घर तापले आहे त्याने येऊन पडावे. भट्टीवरची कातकरी मुले आली तर त्यांनाही आत घ्या, पाणी द्या. विहाराच्या दाराशी कोणाला जात विचारली जात नाही.

कामाच्या जागी मागणी एकजुटीने करावी. काम सकाळी लवकर सुरू, दुपारी बारा ते चार बंद. पाणी कामापाशी, दूरच्या विहिरीवर नको. सावलीला एक ताडपत्री आणि बायकांसाठी आडोसा. एकट्याने मागितले तर मुकादम दुसऱ्या दिवशी बोलावत नाही, दहा जणांनी मागितले तर ऐकतो. हे मागताना आदिवासी मजुरांना वगळू नका. उचल घेतलेला माणूस बोलायला घाबरतो, त्याच्या वतीने आपण बोलू शकतो.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळताना कामाचे तास कमी करण्यासाठी ते झटले. पाणी आणि कामाची वेळ, या दोन गोष्टी माणसाला हक्काने मिळायला हव्यात, ही शिकवण आपल्या घरात आहे. आज भर दुपारी रानात आणि भट्टीवर उभ्या असलेल्या माणसाचा जीव याच दोन गोष्टींवर अवलंबून आहे.

येत्या उन्हाळ्याआधी आपल्या विहारात एक बैठक घ्या आणि हे पान वाचून दाखवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना जीवनजल करून दाखवा. १०८ हा क्रमांक विहाराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा.